बोक्या, आबा आणि त्यांचा लेखक

दिलीप प्रभावळकरांचं नाव निघालं की गप्पा भूमिकांवरच रंगतात. 'चौकट राजा'तला नंदू, 'झपाटलेला'तला तात्या विंचू, 'लगे रहो मुन्नाभाई'तले गांधीजी. या गर्दीत त्यांच्यातला लेखक मागे राहतो, याची मला मनापासून खंत वाटते. 'हसवाफसवी'त त्यांनी सहा भूमिका केल्या हे सगळ्यांना आठवतं. ते नाटक लिहिलंही त्यांनीच, हे मात्र सांगावं लागतं.

जन्म 4 ऑगस्ट 1944चा, मुंबईचा. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यात ते चेटकीण झाले आणि मुलं कशाला घाबरतात, कशाला हसतात, हे त्यांना रंगमंचावरून समोर दिसलं. पुढे दूरदर्शनवर चिं. वि. जोशींचा चिमणराव त्यांच्या वाट्याला आला. त्याचा जोडीदार गुंड्याभाऊ होते बाळ कर्वे. चिमणराव स्वतःची फजिती अगदी गंभीरपणे सांगतो. प्रभावळकरांच्या विनोदाची शाळा मला तिथे दिसते. त्यांचं पात्र आपण विनोदी आहोत हे जाणतच नाही; ते आपल्या काळजीत बुडालेलं असतं.

'अनुदिनी' हे त्यांचं वृत्तपत्रातलं सदर याच रीतीने चालायचं. टिपऱ्यांच्या घरातली माणसं डायरी लिहितात आणि एकच घर प्रत्येकाच्या डायरीत वेगळं दिसतं. त्यावरून 2001मध्ये 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका आली. केदार शिंदे दिग्दर्शक, आणि घरातले आजोबा, म्हणजे आबा, स्वतः प्रभावळकर. आजोबांचं एकटेपण आणि नातवाचा उतावळेपणा दोन्ही आतून लिहायचे, तर नटाचा कान हवा. तो त्यांच्याकडे होताच.

तरीही माझं झुकतं माप त्यांच्या 'बोक्या सातबंडे' या मुलांसाठीच्या पुस्तकांना. बोक्या हा खोडकर शाळकरी मुलगा अडलेल्याच्या मदतीला धावतो, स्वतःच्या डोक्याने वाट काढतो. सद्गुणी मुलाच्या गोष्टी मराठीत पुष्कळ होत्या. इथे चांगुलपणा खोड्यांच्या पोटातून येतो, म्हणून मुलांना तो आपला वाटतो. 2009मध्ये बोक्यावर चित्रपटही निघाला. पुस्तकातला बोक्या मला अधिक जवळचा, कारण त्याचा चेहरा प्रत्येक मूल आपापला ठरवतं.

ही पुस्तकं कुणाच्या हाती जायला हवीत, ते मला माझ्याच गावात दिसतं: कर्जत मार्गावर वांगणी आणि नेरळच्या मधलं आमचं शेलू. भातशेतीच्या या गावात आता इमारती उभ्या राहिल्यात. आईवडील सकाळची लोकल पकडून कल्याण, ठाणे, मुंबई गाठतात. दुपारी घरात उरतात आजी-आजोबा आणि शाळेतून आलेली मुलं. प्रभावळकरांनी ज्या दोन वयांवर सर्वांत जास्त माया केली, तीच ही माणसं. म्हणून इथल्या शाळांच्या कपाटांत बोक्याचे भाग असावेत, आणि कुलपात नसावेत. मुलाने पुस्तक घरी न्यावं, आजोबांना मोठ्याने वाचून दाखवावं. आजोबांसाठी 'अनुदिनी'चं पुस्तकही सोबत द्यावं.