नाणेघाट : चाक न चढलेला राजरस्ता

रोमन रस्ता म्हटलं की फरसबंदी, मैलाचे दगड आणि रथांच्या चाकोऱ्या आठवतात. इ.स.पू. 312 मध्ये सुरू झालेल्या व्हिया अप्पियाचा काही भाग अजून तसाच आहे. त्याच्या तोडीची वाट आपल्याकडे पाहायची तर मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याला एसटीतून उतरायचं आणि सरळ सह्याद्रीच्या अंगावर चढायला लागायचं.

नाणेघाटात गाडी चालणं शक्यच नव्हतं. कातळात खोदलेल्या पायऱ्या, वाटेवर पाण्याची टाकी, माथ्याजवळ दोन कड्यांमधली अरुंद नळी. सोपारा-कल्याणचा माल जनावरांच्या पाठीवरून इथे वर यायचा आणि जुन्नरमार्गे पैठणकडे जायचा. माथ्यावरच्या दगडी रांजणात जकातीची नाणी पडत, असं सगळे सांगतात. शेजारचा जीवधन किल्ला पाहिला की एवढं नक्की कळतं, वाट राखणीतली होती.

खरा ऐवज मात्र माथ्यावरच्या लेण्यात आहे. सातवाहन राजा पहिल्या सातकर्णीची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला लेख इथे भिंतीवर आहे. त्यात व्यापाराचं नाव नाही. आहे ती यज्ञांची आणि दक्षिणेची जंत्री : 1,700 गाई, 10 हत्ती, पुढे कुठे 10,001 गाई. आकडे कोरलेत, पण शून्य नाही. दहा, शंभर, हजार यांना वेगवेगळी चिन्हं. एवढा हिशेब राजधानीत न मांडता घाटमाथ्यावर का मांडला? मला तरी ती उघड जाहिरात वाटते. येणारा-जाणारा प्रत्येक तांडा इथे दम खायला टेकणार, हे राणीला ठाऊक होतं. मागच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या. आता वर नावं आणि खाली पावलांच्या खुणा, मधली माणसं गेली.

रोमशी नातं दूरचं नाही. जुन्नरच्या लेण्यांत यवनांनी, म्हणजे ग्रीकांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याण, सोपारा, पैठण आणि तगर म्हणजे आपलं तेर, सगळी येतात. त्यातलीच एक गोष्ट गमतीची : कल्याणला आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात. घाट कितीही उत्तम असो, खालचं बंदर बंद पडलं की वरची वर्दळ आटणारच.

पुढे जुन्नर सातवाहनांकडून क्षत्रपांकडे गेलं. क्षत्रप राजा नहपान याचा अमात्य अयम याचा वर्ष 46 चा लेख मानमोडीच्या डोंगरात आहे. नंतर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवलं. नाशिकजवळच्या जोगळटेंभीला सापडलेल्या हजारो चांदीच्या नाण्यांवर नहपानाच्या छापावर गौतमीपुत्राचा छाप मारलेला दिसतो. नवी नाणी पाडण्याचाही धीर त्याला धरवला नसावा.