झाडं मोजून बगीचा विकता येत नाही

वरूडला संत्र्याचा बगीचा विकायला काढलेला माणूस हिशेब बहुधा झाडापासून सुरू करतो. सहा बाय सहा मीटरवर लागवड असेल तर हेक्टरी २७७ झाडं बसतात. झाडामागे अमुक रुपये धरले की झाली किंमत! ही सवय लागली ती भूसंपादनामुळे. धरणात किंवा रस्त्यात जमीन गेली की झाडांचं मूल्यांकन वेगळं होतं. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम २९ प्रमाणे जिल्हाधिकारी त्यासाठी फळबागेतल्या जाणकारांची मदत घेऊ शकतात. पण खासगी गिऱ्हाईक म्हणजे सरकार नव्हे. हा बगीचा आणखी किती वर्षं पोसेल, एवढंच तो बघतो. कायदाही खासगी व्यवहारात झाडं वेगळी काढत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ८ नुसार, खरेदीखतात निराळं काही लिहिलं नसेल तर जमिनीला जोडलेलं सगळं जमिनीसोबत जातं.

‘झाडं हिरवीगार आहेत, म्हणजे बगीचा निरोगी.’ हा घेणाऱ्याचा गैरसमज, आणि विकणाऱ्याला तो सोयीचा. बुंध्यांना ताजी बोर्डो पेस्ट लावलेली बाग दिसायला देखणी असते. ती पेस्ट डिंक्या रोगावरचा उपायच आहे, लावण्यात काही वावगं नाही. मात्र त्याच पांढऱ्या थराखाली ओघळलेला डिंकही झाकला जातो. कलमाच्या जोडाजवळची माती हातानं बाजूला करा. जोड मातीखाली गाडला गेलेला असेल आणि साल तपकिरी पडून ओली लागत असेल, तर वरच्या हिरव्या पानांवर जाऊ नका. मग दोन झाडांच्या मधे कमरेइतका खड्डा घ्या. खाली चुनखडी किंवा निचरा न होणारी चिकण काळी माती लागली, तर दहा वर्षांचं झाडही म्हातारं समजावं. शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकेतलं कलम कितीही चांगलं असलं, तरी जमीन बदलत नाही.

पाण्याबद्दलचा समज सगळ्यांत महागात पडतो. ‘विहीर आहे, दोन बोअर आहेत, पाण्याची चिंता नाही,’ असं जाहिरातीत असतं. वरूड आणि मोर्शी हे तालुके भूजलाच्या सरकारी मूल्यांकनात अतिशोषित म्हणून वर्षानुवर्षं गाजत आले. २०१९ च्या उन्हाळ्यात इथल्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या, आणि बोअर असलेल्या बागाही त्यातून सुटल्या नाहीत. बोअर म्हणजे जमिनीला पाडलेलं छिद्र. त्यात पाणी आहे का, ते मे महिन्यातच कळतं. नोव्हेंबरात मोटर चालू करून दाखवलेल्या धारेला काही अर्थ नाही. पाणी नसेल तर आणखी खोल जाऊ, हेही सहजासहजी म्हणता येत नाही. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्याच्या लेखी ६० मीटरची किंवा त्याहून जास्त खोलीची विहीर ही ‘खोल विहीर’ ठरते आणि सिंचनासाठी तिच्यावर बंधन आहे. ६० मीटर म्हणजे जेमतेम दोनशे फूट. विहीर सामाईक असेल, तर हिस्सा किती आणि पाळी कोणत्या दिवसाची, हे खरेदीखतात आलंच पाहिजे. भावाभावांत तोंडी चाललेली पाळी परक्याशी चालेलच असं नाही.

‘बगीचा घेतला म्हणजे बहारही आपलाच.’ इथे भांडणं ठरलेली. आंबिया बहाराची फळं नोव्हेंबर-डिसेंबरात उतरतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चात. आणि व्यापारी झाडावरचा माल कितीतरी आधी बयाणा देऊन बांधून ठेवतो. त्याच्या चिठ्ठीची नोंद कुठल्या कार्यालयात सापडत नाही, कारण नोंदणी कायदा, १९०८ झाडावरचं फळ जंगम मालमत्तेत धरतो. झाड स्थावर, त्याला लोंबणारं संत्रं मात्र जंगम! त्यामुळे ऑक्टोबरात खरेदीखत करून बसलेल्या नव्या मालकाच्या वावरात डिसेंबरात भलताच व्यापारी तोडणीची माणसं घेऊन उभा राहू शकतो. चालू बहार कोणाचा, बयाणा किती उचलला आणि उरलेला चुकारा कोण घेणार, या तीन ओळी खरेदीखतात घालायला वकिलाला पाच मिनिटंही लागत नाहीत.

धुऱ्यावरच्या झाडांची गोष्ट आणखी वेगळी. सागवान मोजून किंमत सांगणारे पुष्कळ आहेत. पण १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत साग आहे. आंबा, चिंच, मोह, जांभूळही आहेत. मालकी आपली असली तरी परवानगीशिवाय कुऱ्हाड लावता येत नाही. अनुसूचीत संत्र्याचं नाव नाही.

हल्ली बगीच्याच्या फाटकापासून घरापर्यंत दुतर्फा पाम लावायची हौस आली आहे, काहींकडे तर दुर्मीळ जातींचा संग्रहच असतो. दुर्मीळ झाड म्हणजे कायमची ठेव, हा त्यातला गैरसमज. ज्याच्या बियांना आपण बजरबट्टू म्हणतो तो ताली पाम साधारण तीस ते ऐंशी वर्षांत कधीतरी एकदाच फुलतो, फळं धरतो आणि मरतो. तुरा दिसायला लागलेल्या तालीसाठी जादा पैसे मोजणं म्हणजे मरणपंथाला लागलेलं झाड विकत घेणं. उलट ‘मोठी झाडं हलवता येत नाहीत’ हे संत्र्याबाबत खरं असलं, तरी पामबाबत नाही. पामची मुळं तंतुमय असतात. मुळाभोवतीच्या मातीच्या गड्ड्यासकट क्रेननं उचललेला मोठा पाम दुसरीकडे जगतो. म्हणजे सौदा झाल्यावर विकणारा ती झाडं घेऊन जाऊही शकतो. जाती आणि संख्या लिहून घ्यावी.

‘पैसे असले की नागपूरचा कोणीही घेईल.’ नाही. विदर्भाला स्वतःचा १९५८ चा कूळकायदा आहे आणि त्याचं कलम ८९ जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगरशेतकऱ्याला शेतजमीन द्यायला आडकाठी करतं. गिऱ्हाईक शेतकरी असल्याचा पुरावा आधी बघा, मग चहा सांगा. तुकडे पाडून विकायचं तर ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेनं बागायतीला किमान १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे ही मर्यादा घातली आहे.

‘शेतजमिनीच्या विक्रीवर कर नाही’ हे अर्धंच खरं. नगरपालिका हद्दीतली, किंवा दहा हजारांहून जास्त आणि एक लाखापर्यंत वस्तीच्या नगरपालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेत दोन किलोमीटरच्या आतली शेतजमीन आयकराच्या दृष्टीनं भांडवली मालमत्ता ठरते. वरूड याच गटात येतं. गावाला लागून असलेला बगीचा जास्त भावात जातो, आणि करही त्यालाच लागतो. दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली तर अटींनुसार सूट मिळते.

आणि इसारचिठ्ठी. ‘इसार झाला, म्हणजे बगीचा आपला’ असं समजून पुढच्या बहाराचं खत टाकणारे लोक आहेत. १८८२ च्या त्याच कायद्याचं कलम ५४ स्पष्ट सांगतं, की विक्रीच्या नुसत्या करारानं जमिनीत हक्क तयार होत नाही. सातबाराही मालकीचा अंतिम पुरावा नव्हे; तो महसुली अभिलेख आहे, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे. शिवाय त्यावर ‘संत्रा’ लिहिलेलं असतं, झाडं केव्हाच वाळून तिथं तूर उभी असते. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच मोबाईलवर नोंद करतो, तेव्हा ती नोंद म्हणजे विकणाऱ्याचाच शब्द. इतर हक्कांतला बँकेचा बोजा बघा, आणि त्याहून आधी जुने फेरफार काढा. वडिलोपार्जित जमिनीत मुलींना ९ सप्टेंबर २००५ पासून मुलांइतकाच हक्क आहे, आणि लग्न होऊन काटोलला किंवा पांढुर्ण्याला गेलेल्या बहिणीचं नाव सातबाऱ्यावर नसल्यानं तो संपत नाही. तिची सही इसाराच्या दिवशीच घ्यावी.