बोअरच्या पाण्याचं वय किती?

नदीकाठी बोअर मारली आणि पाणी लागलं. हे पाणी गेल्या आठवड्यात नदीतून झिरपलंय, पणजोबांच्या काळात मुरलंय, की हिमयुगापासून तिथेच आहे? चवीवरून कळत नाही, रंगावरूनही नाही. पाण्यातले अणू मात्र सांगतात, आणि त्यांनी सांगितलेल्या गोष्टी भलत्याच रंजक आहेत.

बॉम्बचा शिक्का

1950 च्या दशकापासून हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्या झाल्या आणि हवेत ट्रिटियम पसरलं. ट्रिटियम म्हणजे हायड्रोजनचाच किरणोत्सारी समस्थानिक. उत्तर गोलार्धातल्या पावसात ते 1963 मध्ये शिगेला पोचलं. उघड्यावरच्या चाचण्यांना आळा घालणारा करारही त्याच वर्षी झाला. आज बोअरच्या पाण्यात ट्रिटियम जवळजवळ नसेल, तर ते पाणी बॉम्बच्या आधीचं. ट्रिटियम पाण्यात विरघळत नाही, ते पाण्याच्या रेणूचाच भाग होऊन बसतं. त्यामुळे पाणी जिथे जाईल तिथे तेही जातं.

मोजायचं एकक ऐकून डोकं चक्रावतं: एकावर अठरा शून्यं इतक्या हायड्रोजन अणूंमागे एक ट्रिटियमचा अणू!

जुनी वाइन, नवी कसोटी

वय काढायच्या कार्बन-14 पद्धतीमुळे नोबेल मिळवणारे विलर्ड लिबी यांनी 1950 च्या दशकात जुन्या वाइनमधलंही ट्रिटियम मोजलं. बाटली कोणत्या सालची ते लेबलवरच लिहिलेलं. बूच लागल्यावर नवं ट्रिटियम आत येणार नाही, आणि असलेलं दर 12.3 वर्षांनी निम्मं होणार. वयाची पद्धत पडताळायला याहून सोपा नमुना कुठून मिळणार?

तांब्याची नळी

ट्रिटियम मरताना हेलियम-3 मागे ठेवतं. दोन्ही मोजले की पाण्याचा हवेशी संबंध कधी तुटला ते काढता येतं. पण हेलियम प्लॅस्टिकच्या बाटलीतून निसटतो. म्हणून बोअरचं पाणी तांब्याच्या नळीतून वाहू देतात, बुडबुडा राहिला नाही ना ते बघतात आणि मग दोन्ही टोकं पोलादी चिमट्यांनी चेपून बंद करतात. एक बुडबुडा राहिला तरी हिशेब बिघडू शकतो.

रेडॉन: दिवसांत मोजणारं घड्याळ

माझं सगळ्यात आवडतं हेच. नदीच्या उघड्या पाण्यात रेडॉन वायू जेमतेम असतो, कारण तो हवेत उडून जातो. तेच पाणी काठच्या वाळू-गोट्यांत शिरलं की खनिजांतून सुटणारा रेडॉन त्यात साठू लागतो. त्याचं अर्धायुष्य 3.8 दिवस. साधारण तीन आठवड्यांत पातळी स्थिरावते. त्याआधी मोजलं, तर पाणी नदी सोडून किती दिवस झाले ते कळतं. स्वित्झर्लंडमध्ये ग्लाट नदीकाठी होएन आणि फॉन गुंटेन यांनी 1980 च्या दशकात हे करून दाखवलं. त्या देशात पिण्याच्या विहिरीभोवती असा संरक्षित पट्टा राखतात, की त्याच्या कडेपासून विहिरीपाशी यायला पाण्याला किमान दहा दिवस लागावेत. म्हणजे रोगजंतूंना मरायला वेळ मिळतो. नेमक्या त्याच दिवसांचा हिशेब रेडॉन देतो!

डॅन्यूबची खूण

हंगेरीच्या सिगेटकोझ भागात डॅन्यूबचं पाणी गोट्यांच्या जाड थरात मुरतं. नदीत आल्प्सचं बर्फ वितळून येतं, त्यामुळे तिच्या पाण्यात जड ऑक्सिजन-18 स्थानिक पावसापेक्षा कमी. त्यावरून नदीचं पाणी कोणतं ते ओळखायचं आणि ट्रिटियम-हेलियमवरून ते किती वर्षांपूर्वी निघालं ते काढायचं.

जुनं पाणी, चांगलं पाणी?

बंगालच्या त्रिभुज प्रदेशात उथळ नळकूपांचं पाणी बहुतांशी तरुण आणि अनेक ठिकाणी आर्सेनिकने भरलेलं. दीडशे मीटरच्या खाली मात्र कार्बन-14 हजारो वर्षांचं वय दाखवतो, आणि तिथे आर्सेनिक सहसा नाही. म्हणून ते उपसत सुटायचं का? अजिबात नाही. जोरात उपसलं तर वरचं दूषित पाणी खाली ओढलं जाण्याचा धोका आहे.

जैसलमेरच्या वाळवंटात, लुप्त सरस्वतीशी जोडल्या जाणाऱ्या जुन्या नदीपात्राखालचं पाणी मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने तपासलं. ट्रिटियम नगण्य, वय हजारो वर्षं. थोडक्यात, आता वरून भर पडत नाही.

सरासरीचा फसवा आकडा

एक सावधगिरी. बोअर अनेक थरांतून पाणी ओढते, त्यामुळे हाती येतं ते मिश्रण. सरासरी वय शेकडो वर्षं निघालं, तरी त्यात गेल्या पावसाळ्याचं पाणी असू शकतं, आणि त्याच्यासोबत खतातलं नायट्रेटही. म्हणून जाणकार एका समस्थानिकावर कधीच विसंबत नाहीत. दोन-तीन मोजतात आणि त्यांचं आपसात जुळतं का ते बघतात.

जगभरातले ट्रिटियमचे नमुने तपासून 2016 मध्ये शास्त्रज्ञांनी अंदाज मांडला: जमिनीच्या वरच्या दोन किलोमीटरमधल्या भूजलापैकी गेल्या पन्नास वर्षांत मुरलेलं पाणी सहा टक्क्यांहूनही कमी आहे.