विश्लेषण : शेकरू दिसेल, रोहित दिसतील, पण बिबट्या शोधू नका! जुन्नर-आंबेगावची वन्यजीव सहल कशी आखावी?

पुण्याहून भल्या पहाटे निघाले तर दोन दिवसांत जंगल, धरणांचा जलाशय आणि घाटमाथा असे तिन्ही पाहून परतता येईल, असे जुन्नर-आंबेगाव हे पट्टे आहेत. मात्र इथे येणाऱ्या अनेकांना आता एकच गोष्ट हवी असते : रात्री गाडीतून बिबट्या. या सहलीचे नियोजन करताना नेमके तेच का टाळावे आणि काय पाहावे, याविषयी...

पहिला दिवस कुठे?

भीमाशंकर. मंचरवरून डावीकडे घोडेगाव, डिंभे धरण आणि पुढे घाटवळणाचा रस्ता. पुण्यापासून साधारण सव्वाशे किलोमीटर. पेट्रोल मंचर किंवा घोडेगावलाच भरून घ्यावे. डिंभ्याच्या पुढे मोबाइलच्या रेंजचा भरवसा नाही, म्हणून नकाशा आधीच डाउनलोड केलेला बरा.

सुमारे 130 चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य 1985 मध्ये जाहीर झाले, ते प्रामुख्याने शेकरूसाठी. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी शेपटीसह जवळपास तीन फूट लांब असतो आणि जमिनीवर क्वचितच उतरतो. तो दिसत नाही अशी तक्रार करणारे बहुतेक जण दुपारी बाराला, दर्शन उरकून जंगलात शिरलेले असतात. शेकरू सकाळी आणि उन्हे कलल्यावर खायला बाहेर पडतो, भर दुपारी फांदीवर पसरून पडतो. त्यामुळे आदल्या रात्री मुक्कामाला पोहोचून उजाडताच पायवाटेवर असणे उत्तम. आधी घरटे शोधावे : उंच झाडाच्या बारीक फांद्यांच्या टोकाशी काटक्या-पानांचा मोठा गोळा. एक शेकरू अशी अनेक घरटी बांधतो, त्यामुळे घरटे दिसले म्हणजे तो आत आहेच असे नाही. खडखडाटासारखा कर्कश आवाज आला की थांबावे आणि वर पाहावे. बिस्किटे, शेंगदाणे अजिबात टाकू नयेत. सोमवार, श्रावण आणि महाशिवरात्रीच्या गर्दीत या सहलीला अर्थ नाही.

मे अखेरीस, पहिल्या पावसाच्या तोंडावर याच जंगलात काजवे चमकतात. तेव्हा टॉर्च आणि गाडीचे दिवे बंद ठेवावेत. काजव्यांचे लुकलुकणे ही जोडीदाराला घातलेली साद असते आणि उजेडात ती हरवते.

दुसऱ्या दिवशी काय?

घोडेगावहून थेट जुन्नर, तिथून ओतूर आणि कल्याण-अहिल्यानगर महामार्गाने माळशेजच्या दिशेला. उजव्या हाताला पिंपळगाव जोगे धरणाचा जलाशय लागतो. खुबी फाट्याच्या परिसरातून पाणी जवळून दिसते. इथे येणाऱ्या रोहित पक्ष्यांसाठी माळशेज प्रसिद्ध आहे. ते उथळ पाण्यात, चिखलात चोच उलटी घालून खातात. त्यामुळे धरण काठोकाठ भरलेले असताना ते शोधण्यात वेळ घालवू नये. दुर्बीण हवीच. ड्रोन नको, थवा उठतो. परतताना नारायणगावचे मसाला दूध चुकवू नये, हे वन्यजीवांत मोडत नसले तरी.

मग बिबट्या का नको?

कारण इथला बिबट्या जंगलात नव्हे, वस्तीत राहतो. कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज आणि पिंपळगाव जोगे या पाच धरणांनी शिवारात बारमाही पाणी आणले, पाण्यामागून ऊस आला. वर्ष-दीड वर्ष उभ्या असलेल्या उसात लपायला जागा आणि भोवती कुत्री, शेळ्या, डुकरे. मादी उसातच पिल्ले देते. तोडणीच्या हंगामात ती मजुरांना सापडतात. मग वन विभाग आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातील पथक पिल्ले त्याच जागी ठेवते, रात्री आई येऊन त्यांना घेऊन जाते. हे केंद्र प्राणिसंग्रहालय नव्हे, तिथे सहलीचा थांबा धरू नये.

बिबटे पकडून दूर सोडण्याचा उपाय इथे झाला आहे. 2001 नंतरच्या त्या मोहिमेचा अभ्यास विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केला : माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी चारवरून सतरावर गेले होते. बिबट्याला हुसकावल्याने धोका वाढू शकतो, हे त्यातून दिसते. बॅटऱ्या घेऊन पाठलाग करणाऱ्या पर्यटकांच्या गाड्याही त्याला हुसकावतातच, आणि तो जातो पुढच्या वस्तीकडे.

ती वस्ती आधीच धास्तावलेली आहे. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लगतच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत परिसरात हल्ल्यांत तीन बळी गेले, त्यात दोन मुले होती. संतप्त गावकऱ्यांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखला. रात्री पाणी द्यायला शिवारात जावे लागते म्हणून दिवसा वीज द्या, ही शेतकऱ्यांची मागणी जुनीच. अशा गावात ‘बिबट्या कुठे दिसेल?’ असे विचारणे किती टोचते, याचा विचार व्हावा.

वाटेत समोर आलाच तर?

गाडीतून उतरू नये. काचा वर, प्रखर दिवा मंद, हॉर्न नाही. त्याला रस्ता ओलांडू द्यावा. जागेसह व्हिडिओ टाकू नये. अंधार पडल्यावर उसाच्या कडेला लघवीसाठी थांबू नये. वाकलेला किंवा बसलेला माणूस बिबट्याला भक्ष्यासारखा वाटू शकतो. मुलांना एकटे सोडू नये. जखमी प्राणी किंवा पिल्ले दिसल्यास हात न लावता वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे.