इंग्रजीतील 'व्हॉइस' : कर्ता कोण ते ओळखा

विद्यार्थी मित्रांनो, बोरी अरबसारख्या गावात मराठी माध्यमातून शिकणाऱ्या मुलांना इंग्रजी व्याकरणात 'ॲक्टिव्ह' व 'पॅसिव्ह व्हॉइस'ची फार धास्ती वाटते. आम्हांला वाटते, हा विषय घोकण्याचा नसून समजून घेण्याचा आहे.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मूळ इंग्रजीत लिहिला. तो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झाला. हीच गोष्ट इंग्रजीत दोन प्रकारे सांगता येते. 'बाबासाहेब रोट धिस बुक' यात कर्ता पुढे आहे, हा ॲक्टिव्ह. 'धिस बुक वॉज रिटन बाय बाबासाहेब' यात कर्म पुढे आले व कर्ता 'बाय' लावून मागे गेला, हा पॅसिव्ह. घटना तीच, भर मात्र बदलला.

रूपांतर करताना तीन कामे करावीत. कर्म आरंभी आणावे. मूळ क्रियापदाचा काळ न बदलता 'बी'चे योग्य रूप घालावे. त्यापुढे क्रियापदाचे तिसरे रूप लिहावे. जसे, 'राइट्स'चे 'इज रिटन', 'रोट'चे 'वॉज रिटन', 'इज रायटिंग'चे 'इज बीइंग रिटन', 'हॅज रिटन'चे 'हॅज बीन रिटन', 'विल राइट'चे 'विल बी रिटन'. 'ही स्लीप्स' अशा वाक्यात कर्मच नाही, म्हणून त्याचा पॅसिव्ह होत नाही.

येथे एक गफलत नेहमी होते. 'बाबासाहेबांनी ग्रंथ लिहिला' हा मराठीत कर्मणी प्रयोग आहे, म्हणून मुले त्याचे इंग्रजी पॅसिव्हमध्ये करतात. पण त्याचे सरळ इंग्रजी ॲक्टिव्हच होते. 'ने' किंवा 'नी' दिसले की 'बाय' लावू नये. इंग्रजी पॅसिव्हशी जुळतो तो 'ग्रंथ लिहिला गेला' हा प्रयोग. त्याला नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी म्हणतात.

मग पॅसिव्ह हवा कशाला? संविधानाचे कलम १७ पाहा. अस्पृश्यता नष्ट करताना तेथे 'इज अबॉलिश्ड' असे पॅसिव्ह रूप आहे. कायदा सर्वांनाच लागू असल्याने तेथे कर्ता सांगण्याची गरज नाही. उलट २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलेल्या संविधानाच्या उद्देशिकेत 'वी, द पीपल' हाच कर्ता आहे आणि क्रियापदे ॲक्टिव्ह आहेत. संविधान कोणी दिले? आपणच आपल्याला दिले!

परंतु पॅसिव्हमध्ये कर्ता लपवताही येतो. महाडच्या चवदार तळ्याचे 'पाणी नाकारले जात होते' असे लिहिले, की नाकारणारे दिसतच नाहीत. नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले करण्याचा ठराव केला होता; तरीही सवर्णांनी अस्पृश्यांना पाणी घेऊ दिले नाही. अखेर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब व त्यांचे अनुयायी तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. या वाक्यात कर्ता स्पष्ट आहे.

मंडळाच्या सभासदांनीही हे ध्यानात घ्यावे. 'अर्ज फेटाळण्यात आला आहे' असा कागद हाती आला, तर कोणी फेटाळला व कोणत्या नियमाने, हे लेखी विचारावे. वाक्यातला कर्ता शोधण्याची सवय विद्यार्थ्यांना परीक्षेत उपयोगी पडेल आणि पुढे आयुष्यातही पडेल, असा आमचा विश्वास आहे.

जयभीम!