डिस्कला द्यावयाची आज्ञा : एका पुनर्रचनेचा धडा

फाईल उघडली की तिचा मजकूर डिस्कवरून आपोआप येतो, असा विद्यार्थ्यांचा समज असतो. प्रत्यक्षात ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, डिस्कला रीतसर आज्ञा पाठवीत असतो. ही आज्ञा तयार करण्याचे काम ड्रायव्हर करतो. लिनक्स कर्नलमधील स्कझी डिस्कच्या ड्रायव्हरमध्ये २०१९ साली या कामाची जी पुनर्रचना झाली, ती प्रोग्रामिंग शिकविणाऱ्या अध्यापकांनी अभ्यासावी अशी आहे.

स्कझी आज्ञा म्हणजे ठरावीक नमुन्याचा अर्जच होय. काम कोणते, कोणत्या ब्लॉकपासून आणि किती ब्लॉकांचे, हे त्यात भरावे लागते. वाचन-लेखनासाठी हा ड्रायव्हर ६, १०, १६ आणि ३२ बाइटचे नमुने वापरतो. ६ बाइटच्या नमुन्यात ब्लॉक क्रमांकासाठी २१ बिट असतात; ब्लॉक ५१२ बाइटचा धरल्यास १ गिगाबाइटच्या पलीकडे पोचता येत नाही. १० बाइटच्या नमुन्यात ३२ बिट मिळतात व मर्यादा सुमारे २ टेराबाइटवर जाते. १६ बाइटच्या नमुन्यात ६४ बिट आहेत.

पूर्वी हे सर्व नमुने एकाच लांबलचक फंक्शनमध्ये भरले जात. स्कझीमध्ये संख्येचा वरिष्ठ बाइट आधी येतो, तर इंटेलच्या प्रोसेसरमध्ये कनिष्ठ बाइट आधी. त्यामुळे प्रत्येक बाइट सुटा करून योग्य जागी ठेवावा लागे. त्यात एक चूक झाली तर मजकूर भलत्याच ब्लॉकवर लिहिला जाण्याचा धोका. पुनर्रचनेत प्रत्येक नमुन्याला स्वतंत्र फंक्शन मिळाले आणि बाइटांचा क्रम लावण्याचे काम तयार साहाय्यक फंक्शनांकडे गेले. मुख्य फंक्शन आता मागणी तपासून योग्य नमुना निवडते, एवढेच.

मात्र हे नमुने दिसायला सारखे असले तरी त्यांचे अर्थ सारखे नाहीत. १० बाइटच्या नमुन्यात ब्लॉकांची संख्या ० असेल तर काहीच लिहिले जात नाही. ६ बाइटच्या नमुन्यात मात्र ० चा अर्थ २५६ असा होतो. म्हणजे शून्य ब्लॉकांची लेखनाची मागणी चुकून या नमुन्यात गेली, तर २५६ ब्लॉकांवरील जुना मजकूर पुसला जाईल. म्हणून त्याचे फंक्शन आधी शून्याची तपासणी करते व अशी मागणी नाकारते. मजकूर तात्पुरत्या स्मृतीत न ठेवता थेट कायम साठ्यात लिहावा, ही सूचना नोंदविण्यास त्या नमुन्यात जागाच नाही. तेव्हा तशी मागणीही परत केली जाते.

पुनर्रचना म्हणजे केवळ कोड नीटनेटका करणे नव्हे. बाह्य वर्तन कायम ठेवून आतील मांडणी बदलणे, ही तिची अट आहे. सारख्या दिसणाऱ्या ओळी एकत्र करण्यापूर्वी त्यांचा अर्थही सारखा आहे काय, हे पाहिले पाहिजे. वर्गात विद्यार्थ्यांकडून दोन्ही नमुने ०, १ आणि २५५ या संख्यांसाठी भरून घ्यावेत. शून्यापाशी येताच हा धडा त्यांना आपोआप उमगेल.