पळून झाल्यावरचा नकाशा

देवास म्हटले की मराठी माणसाला कुमार गंधर्व आठवतात. १९४८ साली ते या गावी आले आणि इथलेच झाले. त्यांचे ‘भानुकुल’ हे घर ज्या टेकडीच्या पायथ्याशी आहे, ती माताजीची टेकडी सगळ्या शहराला कुठूनही दिसते. घरांच्या छपरांमागून एकदम उठलेली, सुमारे ३०० फूट उंच. वर मोठी माता तुळजाभवानी आणि छोटी माता चामुंडा. दर्शनाला जायचे तर पायऱ्या आहेत, चढाची रपट आहे आणि आता रोप-वेही आहे. पायऱ्या जवळच्या, पण दम काढणाऱ्या. रपट लांबची, पण गुडघ्यांना सोसणारी. वर कुणी ओळखीचे भेटले की विचारतात, “कुठून चढलात?” आणि मग कोणती वाट बरी यावर बोलणे सुरू होते.

या प्रश्नाभोवतीच एक अख्खा खेळ उभा आहे. त्याचे नाव ओरिएंटियरिंग. खेळाडूच्या हातात नकाशा आणि होकायंत्र असते. नकाशावर जांभळ्या वर्तुळांनी काही ठिकाणे दाखवलेली असतात आणि प्रत्यक्ष जमिनीवर तिथे केशरी-पांढरा तीन बाजूंचा निशाण टांगलेला असतो. या ठिकाणाला ‘कंट्रोल’ म्हणतात. सगळे कंट्रोल दिलेल्या क्रमाने गाठायचे आणि कमीत कमी वेळात शेवटाला पोचायचे. एका कंट्रोलहून दुसऱ्याकडे कोणत्या वाटेने जायचे, हे मात्र कुणी सांगत नाही. ते ज्याचे त्याने धावता धावता ठरवायचे.

हा खेळ स्कँडिनेव्हियातला. लोकांसाठी खुली अशी पहिली स्पर्धा १८९७ साली नॉर्वेत, आजच्या ओस्लोजवळ झाली. १९१९ मध्ये एर्न्स्ट किलांडर यांनी स्टॉकहोमजवळ मोठी शर्यत भरवली आणि खेळाला आजचे रूप येऊ लागले. १९६१ मध्ये १० देशांनी मिळून आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन केला. १९६६ मध्ये फिनलंडमध्ये पहिली जागतिक स्पर्धा झाली. आपल्याकडे शाळा-कॉलेजात एनसीसी केलेल्यांना यातली अर्धी विद्या ठाऊक असते, कारण नकाशावाचन त्यांच्या अभ्यासक्रमातच आहे.

मला या खेळात सर्वांत मोलाचा वाटतो तो शर्यत संपल्यानंतरचा तास. घामेजलेली माणसे पाणी पिता पिता नकाशे जमिनीवर पसरतात आणि एकमेकांना विचारतात, “चार ते पाच तू कुठून गेलास?” पळण्याने पाय तयार होतात. वाट निवडण्याची समज मात्र या तासात तयार होते.

आधी आठवण, मग यंत्र

हल्ली मनगटावरचे घड्याळ उपग्रहांच्या मदतीने धावलेली वाट नोंदवते. ‘लाइवलॉक्स’सारख्या सोयीमुळे ती नकाशावर इतरांच्या वाटांशेजारी पाहताही येते. पण ती लगेच पाहू नये. आधी लाल पेन घ्यावे आणि आपण कुठून गेलो ते आठवून नकाशावर काढावे, तेही त्याच दिवशी. रेष सरळ चालली आहे तोवर ठीक. जिथे पेन अडखळते, “इथून पुढे नेमका कुठे होतो?” असे वाटते, तिथे आपला नकाशाशी असलेला संबंध तुटला होता असे समजावे. चूक उघडी पडते पुढे कुठेतरी, पण तिची सुरुवात बहुधा या कोऱ्या जागेत झालेली असते. ही जागा घड्याळ दाखवू शकत नाही. ते फक्त पाय कुठे होते ते सांगते. लक्ष कुठे होते, हे आपल्यालाच आठवावे लागते.

त्यानंतर टप्प्यांच्या वेळा पाहाव्यात. प्रत्येक कंट्रोलवर इलेक्ट्रॉनिक नोंद होत असल्याने दोन कंट्रोलमधल्या प्रत्येक टप्प्याचा वेळ मिळतो. नुसत्या “मी अमुक मिनिटे मागे पडलो” या वाक्यातून काही हाती लागत नाही. समजा, चुका न होणाऱ्या टप्प्यांत तुम्हाला विजेत्याच्या सव्वापट वेळ लागतो. एका टप्प्याला विजेत्याने ४ मिनिटे घेतली, तर तुमची अपेक्षित वेळ ५ मिनिटे. तुम्हाला साडेसात लागली असतील, तर वरची अडीच मिनिटे पायांची नाहीत, चुकीची आहेत. हा हिशेब प्रत्येक टप्प्याला केला, की दम कमी पडला की डोके, याचे उत्तर कागदावर दिसू लागते.

चढाचा भाव

आता वाटेच्या निवडीकडे वळू. आपल्या टेकडीचेच उदाहरण घेऊ. समजा, एक कंट्रोल टेकडीच्या या बाजूला आहे आणि पुढचा पलीकडे. सरळ माथ्यावरून गेले तर अंतर ६०० मीटर, पण ९० मीटर चढ. पायथ्याने वळसा घातला तर १२०० मीटर आणि चढ जेमतेम १०. कोणती वाट घ्यावी?

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये चालणाऱ्यांसाठी एक नियम सांगितला होता: दर ३ मैलांना एक तास आणि वर दर २००० फूट चढाला आणखी एक तास. म्हणजे चढाचा एक मीटर हा सपाटीच्या सुमारे ८ मीटरांच्या भावाने पडतो. या हिशेबाने माथ्यावरची वाट ६०० अधिक ७२०, म्हणजे १३२० मीटरांची झाली. वळशाची १२०० अधिक ८०, म्हणजे १२८०. दुप्पट लांब दिसणारी वाट थोडी का होईना, स्वस्त निघाली. शिवाय पायथ्याच्या वाटेवर नकाशा वाचता येतो, आणि माथ्यावर पोचताना लागलेल्या धापेत तो नीट दिसत नाही.

हा हिशेब धावताना करता येत नाही. शर्यतीनंतर शांतपणे दहा-वीस टप्प्यांवर करून पाहिला, की पुढे नजरेलाच त्याची सवय होते.

नकाशा तेवढा बोलका हवा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० टोपोशीटवर दोन समोच्च रेषांमध्ये साधारण २० मीटरांचे अंतर असते, म्हणजे ही टेकडी चार-पाच रेषांत संपते. ओरिएंटियरिंगचा नकाशा बहुधा १:१०,००० किंवा १:१५,००० असतो आणि रेषा ५ मीटरांच्या. त्यावर हीच टेकडी सुमारे १८ रेषांची होईल आणि तिची प्रत्येक सोंड, प्रत्येक घळ वेगळी दिसेल. जुन्या क्रमांकानुसार देवास ५५ बी/१ या टोपोशीटवर येते. २३ अंश अक्षांश आणि ७६ अंश रेखांश शहराच्या वायव्येला काही किलोमीटरवर छेदतात, आणि तिथे चार टोपोशीटांचे कोपरे एकत्र येतात. उज्जैनच्या दिशेने निघालेल्या माणसाला त्यामुळे लवकरच दुसरा कागद उघडावा लागतो. नकाशा बदलताना वाट चुकते, हे एनसीसीच्या कॅडेटला वेगळे सांगावे लागत नाही.

चुकांची जात

सगळ्या चुका एका पोत्यात भरल्या तर त्यांतून काही शिकता येत नाही. वाट चुकीची निवडली ही एक जात. बरोबर निवडलेली वाट नीट पार पाडली नाही ही दुसरी. नवख्याला वाटते, आपण वाट चुकीची निवडली म्हणून हरलो. टप्प्यांच्या वेळा मात्र बहुतेकदा वेगळेच सांगतात. कमी चांगली वाट निवडल्याने काही सेकंद जातात. मिनिटे जातात ती शेवटच्या शंभर मीटरांत, कंट्रोल शोधण्यात.

त्यातल्या काही चुका पुन्हा पुन्हा भेटतात. शेजारी शेजारी दोन सारख्या घळी असतात. आपण दुसरीत शिरतो आणि तीच पहिली आहे असे मानून नकाशातल्या खुणा जुळवत बसतो. कधी घाईत होकायंत्र उलटे धरले जाते आणि माणूस नेमका विरुद्ध दिशेला निघतो. कधी दिशा ५ अंशांनी सुटते. ५०० मीटरांनंतर ही चूक सुमारे ४४ मीटरांची होते, आणि झुडपांत ४४ मीटर म्हणजे कंट्रोल न दिसण्याइतके अंतर. कधी पुढे पळणाऱ्यामागे आपण नुसतेच पळतो, आणि त्याला वेगळाच कंट्रोल गाठायचा असतो.

प्रत्येकावर उपायही वेगळा. दिशा सुटत असेल, तर कंट्रोलजवळची एखादी ठळक खूण, जसे पायवाटेचा फाटा किंवा विहीर, आधी गाठावी आणि तिथून हळू, मोजून शिरावे. घळींचा गोंधळ होत असेल, तर पटणाऱ्या खुणांबरोबर न पटणारी खूणही मुद्दाम शोधावी. आपल्या समजुतीला विरोध करणारी एक खूण, पटणाऱ्या दहा खुणांपेक्षा मोलाची असते.

पुन्हा मोजण्याचे धैर्य

देवास ज्या माळव्यात आहे, त्याच माळव्यात सिरोंजला भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची एक आधाररेषा आहे. जॉर्ज एव्हरेस्ट यांनी ती १८२४-२५ मध्ये साखळीने मोजली. पुढे अधिक अचूक धातुपट्ट्यांची साधने हाती आल्यावर १८३७-३८ मध्ये तीच रेषा त्यांनी पुन्हा मोजून घेतली. आपलेच काम पुन्हा तपासायला काढणे कुणालाही जड जाते. पण हिमालयापर्यंत जाणारे त्रिकोण ज्या रेषेवर उभे राहायचे, तिच्याबद्दलची शंका त्यांनी मनात ठेवून दिली नाही.

खेळाडूच्या वहीत हाच प्रामाणिकपणा हवा. “नकाशा बरोबर नव्हता”, “ऊन फार होते” अशा नोंदी खऱ्याही असतील, पण त्यांनी पुढची शर्यत सुधारत नाही. प्रत्येक चुकीपुढे तीन गोष्टी लिहाव्यात: त्या क्षणी मला काय वाटत होते, प्रत्यक्षात काय होते, आणि फरक कळायला किती वेळ लागला. यातली तिसरी सर्वांत महत्त्वाची, कारण निष्णात खेळाडूही चुकतो, फक्त त्याला ते लवकर कळते. मग वही मिटण्यापूर्वी पुढच्या वेळी सुधारायची एकच गोष्ट निवडावी. पाच निवडल्या तर एकही होत नाही.

दिवाळीनंतर माळव्यात हवा गार होते आणि नवरात्राची गर्दी ओसरलेली असते. अशा एखाद्या सकाळी मुलांना घेऊन टेकडीवर जा. निम्म्यांना पायऱ्यांनी पाठवा, निम्म्यांना रपटीने, आणि वेळ टिपा. खाली आल्यावर कोण जिंकले ते लगेच सांगू नका. प्रत्येकाला एक कोरा कागद द्या आणि आपापली वाट आठवून काढायला सांगा: वळणे, झाडे, दम लागला ती जागा. मग ते कागद शेजारी शेजारी ठेवा. कुणाची तरी रेष मध्येच तुटलेली असेल. त्या मुलाला रागावू नका. त्याला घेऊन त्या तुटलेल्या जागी परत जा आणि तिथे उभे राहून दोघे मिळून आजूबाजूला नीट पाहा.